फोटोतून कापलेले हात

मी शिडी बोलतेय. घडीची, अ‍ॅल्युमिनियमची, चार पायऱ्या आणि वर एक फळी. तुम्ही मला ओळखता. नाही कसं म्हणता? मोबाईलवर कुठे ना कुठे माझा फोटो तुमच्यापर्यंत पोचलाच असणार. पिवळा शर्ट घातलेली एक बाई माझ्या अगदी वरच्या फळीवर उभी आहे, दोन्ही हात छताकडे, तोंडभर हसू, आणि खाली ओळ, 'आता कुणाची वाट बघायची नाही!' हां, तीच मी. तिच्या पायाखाली आहे ती.

त्या फोटोनं माझ्या डोक्याला जो ताप झालाय म्हणून सांगू! लोक येतात, मला बघतात आणि म्हणतात, "अय्या, ही ती फोटोतली!" अरे बाबांनो, फोटोतली म्हणजे काय? मी शिडी आहे, नटी नाही. माझ्यावर चढायचं असतं, काम करायचं असतं आणि धडपणे खाली उतरायचं असतं. पण हे ऐकायला वेळ कुणाला आहे? म्हणून म्हटलं, आज एकदाचं सगळं सांगून टाकावं.

माझा जन्म कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, भोकं पाडली, रिव्हेट ठोकले, पायांत रबरी बूट घातले. मग एका यंत्रानं माझ्या प्रत्येक पायरीवर असा काही भार टाकला की वाटलं, जन्मल्या जन्मल्या गेलेच मी! नाही गेले. चांगली आहे मी, उगाच विनय कशाला? पायऱ्या मजबूत, पाय घट्ट, आणि वजन इतकंच की एका हातानं उचलावी. माझ्यात खोट नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हीही मलाच बोल लावाल.

एक मात्र आहे. माझी वरची फळी दिसायला पायरीसारखीच आहे, पण ती पायरी नाही. ती रंगाचा डबा, स्क्रू ड्रायव्हर, खिळे असलं काहीबाही ठेवायला. तिच्यावर उभं राहिलं की धरायला काही उरतच नाही. जरा तोल गेला की माझे पाय कितीही घट्ट असोत, माणूस खाली. म्हणून कारखान्यातून निघताना त्या फळीवर एक मोठं स्टिकर चिकटवलं होतं. फळीवर उभा माणूस, त्याच्यावर लाल फुली, आणि खाली अक्षरं, 'येथे उभे राहू नये'. मला तोंड नाही, जीभ नाही. सगळ्या आयुष्यात मला बोलता येणारं तेवढं एकच वाक्य होतं. मला त्याचा कोण अभिमान!

खोक्यातून बाहेर आले ती थेट ताईच्या घरात.

ताई म्हणजे जगाची ताई. घरातली दुरुस्तीची कामं स्वतः करणाऱ्यांचा मोबाईलवर एक भलामोठा ग्रुप होता, 'आपलं घर, आपले हात'. तो तिनं काढलेला. नळ गळतोय? ताईला विचारा. दार घासतंय, भिंतीला पोपडे आलेत, खिडकी बंद होत नाही? विचारा ताईला. आणि ताईही पूर्वी खरोखर हाताला काळं लावून सांगायची म्हणे. एकदा तिनं एक ड्रिल मशीन चालवून चालवून जाळलं आणि मग लिहिलं, 'घेऊ नका, माझं जळलं.' त्या दिवसापासून लोकांचा तिच्यावर विश्वास बसला तो बसलाच.

त्या ग्रुपात एक पद्धत होती. कुठल्याही वस्तूबद्दल लिहिलं की शेवटी हातोडीचं चित्र टाकायचं. पण कधी? ती वस्तू महिनाभर स्वतः वापरली असेल तरच. आणि कंपनीकडून फुकट आली असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांगायचं. दोन्ही नियम ताईनंच केलेले. कुणा पठ्ठ्यानं न वापरलेल्या करवतीवर हातोडी टाकली, तर ताईनं भर ग्रुपात त्याची अशी हजेरी घेतली की तो पुन्हा दिसलाच नाही. हातोडी काढून घेतली जाणं, यापरती नामुष्की तिथे नव्हती. लोक दुकानात जाऊन विचारायचे, "हिच्यावर ताईची हातोडी पडलीय का?" पडली असेल तर डोळे मिटून घ्यायचे.

डोळे मिटून! शिडी घेताना! काय बोलायचं आता?

मी गेले तेव्हा ताईच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खोक्यांवर खोकी. इथे पंखा, तिथे पाण्याचा फिल्टर, कोपऱ्यात भिंत घासायचं कसलंसं यंत्र. ग्रुप मोठा झाल्यावर कंपन्या वस्तू पाठवत सुटल्या होत्या. बिचारी वापरणार तरी किती? पूर्वी एका वस्तूला महिना द्यायची, आता महिन्याला कितीतरी वस्तू यायच्या. त्यात माझ्या कंपनीचा एक माणूस तिला सारखा फोन करायचा. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. "ताई, तुमच्या शब्दाला वजन आहे हो," असं म्हणून तो तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा. आणि मी शिडी असून कोपऱ्यात बसून बघायचे की ही बाई माझ्याशिवायच कुठे चढतेय!

ताईचा नवरा शाळेत गणित शिकवतो. माणूस सरळ, पण जास्त बोलायचा नाही. मला खोक्यातून काढली तेव्हा तो म्हणाला, "अगं, निदान एक बल्ब तरी बदल हिच्यावरून."

"आपले सगळे बल्ब चालू आहेत," ताई म्हणाली. "आणि उद्या सकाळी टाकायचंय हे. त्या माणसाला शब्द दिलाय मी."

"आणि महिना?"

"पुढे वापरणारच आहे ना मी महिनाभर? आत्ता लिहिलं काय नि नंतर लिहिलं काय."

बघा हं. गणिताचा मास्तर समोर उभा, आणि त्याला हे गणित!

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोची तयारी. मला खिडकीजवळ उघडून ठेवली, माझ्या पायाशी दोन कुंड्या. ताईनं मोबाईलमधून माझ्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे लाल लाल काय मध्येच? फोटोत घाण दिसतंय."

मला वाटलं, कोन बदलेल, कपडा टाकेल. छे! बाई केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. गरम हवा मारली, कडेनं नख घातलं आणि सर्रकन स्टिकर सोलून काढलं. उरलेला चिकटपणाही तेल लावून पुसला. माझं एकुलतं एक वाक्य कचऱ्याच्या डब्यात गेलं. जीभच कापली हो माझी! आणि कापून वर म्हणते कशी, "आता कशी स्वच्छ दिसतेय!"

मग ती दुसऱ्या पायरीवर उभी राहिली. फोटो पाहिला, आवडला नाही. "दुसऱ्या पायरीवर काय, कुणीही उभं राहतं. रुबाब नाही येत." मग चढली ती थेट फळीवर. तिथे गेल्याबरोबर जी ओरडायला लागली! "अहो, धरा, धरा! सोडू नका हं!" नवरा धावला. खाली वाकून त्यानं माझे दोन्ही दांडे गच्च धरले, खांदा लावला, मान खाली घातली. तेवढ्यात समोर ठेवलेल्या मोबाईलनं आपोआप फोटो काढला. हसरा, सुंदर, हात छताला.

ताई खाली उतरली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. फोटो बघून म्हणाली, "मी छान आलेय. पण तुमचे हात आलेत यात."

"आलेत म्हणजे? मी नसतो तर तू आली असतीस, खाली."

"कापते हं मी." आणि कापले. बोटानं कड सरकवली, झालं. धरणारे हात गेले, खांदा गेला, मान गेली. राहिली ती एकटी, फळीवर, निर्धास्त.

मग मोठ्यानं वाचत वाचत लिहिलं, 'महिनाभर वापरतेय. आता बल्ब असो, पडदा असो, माळा असो, मी एकटीच चढते. हिच्याशिवाय माझं पान हलत नाही.' आणि शेवटी टाकली हातोडी. फुकट मिळाल्याचा पहिल्या ओळीत उल्लेख? पहिल्याच काय, कुठल्याच ओळीत नाही.

पान हलत नाही म्हणे! त्या घरातलं झुरळसुद्धा माझ्यावर चढलं नव्हतं.

पण खपले मी. माझ्या जातीच्या शिड्या धडाधड खपल्या. आणि मग सुरू झालं ते दुकानाच्या पानावरचं अभिप्रायांचं प्रकरण. ताई ते नवऱ्याला वाचून दाखवायची आणि मी दाराआड उभी राहून अंगाचा तिळपापड करून घ्यायचे. एकानं लिहिलं, 'पार्सल वेळेवर आलं, डिलिव्हरीवाला नम्र होता, पाच तारे.' अरे, तो नम्र होता ना? मग त्याला दे की तारे! दुसरी म्हणते, 'अजून उघडली नाही, पण छान असावी असं वाटतं, पाच तारे.' तिसऱ्याचं, 'माझ्या सोफ्याला रंग शोभत नाही, एक तारा.' चौथ्यानं तर कहर केला, 'मला टेबल हवं होतं, चुकून शिडी मागवली, अत्यंत निराशा.' यातल्या कुणी एकानं तरी लिहावं ना, की मी चढलो, इथवर हात पोचला, इथे जरा भीती वाटली! नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

अशी मी दाराआड धूळ खात असताना एक फोन आला. ताईच्या आत्याचा.

आत्या म्हणजे ताईच्या वडिलांची धाकटी बहीण. आई कामावर जायची तेव्हा ताईला हिनंच लहानाची मोठी केली. ताईला अजूनही ती 'छकुली' म्हणते. आत्या कपडे शिवते, उसवते, बेताचे करून देते. एका गल्लीत वरच्या मजल्यावर तिची खोली आहे, तिथेच राहणं आणि तिथेच दुकान. खाली चाव्या बनवणारा बसतो. कात्री हातात घेतली की तिच्या उजव्या हाताकडे बघत राहावं. कापडावर खडूची रेघही ओढत नाही, सरळ कापत जाते. त्या हातावरच तिचं सगळं चालतं, आणि ती कुणासमोर हात पसरत नाही.

"छकुली, तुझी ती शिडी मागवू का गं? कापायच्या टेबलावरची ट्यूब सारखी लुकलुकतेय. बदलायची तर दर वेळी त्या चावीवाल्याच्या तोंडाकडे बघावं लागतं."

"अगं, मागवतेस कशाला? माझीच घे. इथे जागाच नाही."

म्हणजे बघा! जिच्याशिवाय पान हलत नव्हतं, ती आठवड्याभरात नवऱ्याच्या खांद्यावरून आत्याकडे रवाना. नवऱ्यानं मला आत्याच्या खोलीत ठेवलं, दारापर्यंत गेला, परत वळला आणि म्हणाला, "आत्या, जपून हं. मला बोलावत जा ना."

"अहो जावईबापू, तुमची बायको एकटी चढते, मी काय म्हातारी झाले?" आत्या हसली.

तेव्हा त्या माणसानं तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही होतं. पण मिटलं. आता बायकोचं कसं सांगायचं, असा विचार केला असेल. माझा नुसता संताप संताप झाला, पण माझ्याकडे होतंच काय? स्टिकर केव्हाच कचऱ्यात गेलेलं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना आत्यानं टेबल बाजूला सरकवलं आणि मला ट्यूबखाली उभी केली. एकेक पायरी नीट चढली, चौथीवर आली. हात वर केला. ट्यूबला बोटं लागत होती, पण ती फिरवून काढायला हात पुरेना. आत्या खाली उतरली. चष्मा लावला, मोबाईल काढला, फोटो मोठा करून पाहिला. एकटी राहणाऱ्या माणसांना मोठ्यानं बोलायची सवय असते. म्हणाली, "ही तर अगदी वर उभी आहे. माझ्याएवढीच तर आहे उंचीला. आणि कशी आरामात हसतेय बघा लबाड!"

अगं बाई, नको! ती आरामात नाही, तिला धरलंय! फोटोच्या बाहेर दोन हात आहेत, नीट बघ! मी ओरडत होते, पण तिला ऐकू कसं जाणार?

आत्या फळीवर चढली. क्षणभर उभी राहिली. दोन्ही हात छताकडे केले, अगदी फोटोतल्यासारखे. ट्यूब फिरवायला जरा मागे झुकली आणि धरायला काही शोधलं. तिथे काही नव्हतं. मी माझे चारही पाय जमिनीत रोवून ठेवले होते हो, तसूभर हलले नाही. पण ती पडली. टेबलाच्या कडेवर उजवा हात आपटून पडली.

धप्प आवाज ऐकून चावीवाला धावत वर आला. "आत्या! काय झालं हे?" तिला उठवून बसवलं, हाताला ओढणी बांधली, रिक्षा आणायला पळाला. जाताना मला लाथ मारून गेला. "भिकार शिडी!" आणि दवाखान्याबाहेर बसल्या बसल्या त्यानं मोबाईलवर 'ताईंच्या आत्या पडल्या' असं लिहून मला एक तारा देऊनही टाकला म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मनगट मोडलं होतं. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घालून आत्या घरी आली. हाड जुळेल, पण बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते नंतर कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्या त्या प्लास्टरकडे बघत बसली. मधूनच अंगठा आणि पहिलं बोट हलवून बघायची, कात्री धरल्यासारखं. मला बघवत नव्हतं.

संध्याकाळी ताई आणि तिचा नवरा आले. ताई रडतच आत शिरली. "आत्या, शिडी खराब निघाली का गं? मी त्या कंपनीला सोडणार नाही!"

शिडी खराब? नाचता येईना अंगण वाकडं! माझ्या नळ्यांना घाम फुटायचा बाकी होता.

"शिडी हललीसुद्धा नाही," आत्या म्हणाली. "मीच वर उभी राहिले. तू राहतेस तशी."

ताईनं माझ्या फळीकडे पाहिलं.

"मी पडताना धरायला काहीतरी शोधत होते. काही सापडलंच नाही. तेव्हापासून विचार करतेय, तू कशाला धरून उभी राहतेस?" आत्याच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "सांग ना. तुला कुणी धरलं होतं का?"

नवऱ्यानं ताईकडे पाहिलं. ताई जमिनीकडे बघत म्हणाली, "ह्यांनी."

"मग हे फोटोत का नाहीत?"

मग ताईच्या तोंडून एकेक बाहेर पडलं. हात कापले ते, स्टिकर सोललं ते, फोटोपुरतीच चढली होती ते, फुकट मिळाली ते. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. नवराही म्हणाला, "त्या दिवशी दारात मी सांगणार होतो, आत्या. नाही सांगितलं. चुकलंच माझं."

"माझं मनगट गेलं ते गेलं," आत्या म्हणाली. तिनं छकुली म्हटलं नाही, हे माझ्यासुद्धा लक्षात आलं. "पण माझ्यासारख्या आणखी किती जणी तो फोटो बघून चढत असतील? ते बघ आधी."

ताईनं मोबाईल उघडला. फोटोखाली त्याच दिवशी एकानं लिहिलं होतं, 'ताई, तुमच्या भरवशावर आईसाठी मागवली. आजच आली. आई उद्या सकाळी माळा साफ करणार आहे. खूष आहे.' ताईनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

तेवढ्यात गोडबोल्याचा फोन. चावीवाल्याचा एक तारा त्याच्यापर्यंत पोचला होता. ताईनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "ताई, वाईट वाटलं हो ऐकून. पण पोस्ट काढू नका हं. अशा गोष्टी होतच असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची! हवं तर खाली बारीक अक्षरात एक ओळ टाका, 'काळजीपूर्वक वापरा'. आत्यांना आम्ही नवीन शिडी पाठवतो."

नवीन शिडी! आत्या हसली. त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदा हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"शिडी नको," ताई म्हणाली. "तुमच्या फळीवर जे लिहिलेलं असतं ना, ते मी काढून टाकलं होतं. आता मी ते मोठ्या अक्षरात लिहिणार आहे." आणि फोन ठेवला.

मग तिनं आधी त्या आईच्या मुलाला फोन केला. "आईला फळीवर चढू देऊ नका. चौथ्या पायरीच्या वर नाही. आणि तुम्ही धरा, स्वतः धरा." तो माणूस गोंधळला, चिडला, तिला काहीबाही बोलला. तिनं ऐकून घेतलं. मग ग्रुपवर न कापलेला फोटो टाकला, नवऱ्याच्या हातांसकट, वाकलेल्या मानेसकट. लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, तसं सांगते. 'ही शिडी मला फुकट मिळाली. लिहिलं तेव्हा ती घरात येऊन दोनच दिवस झाले होते. मी फक्त फोटोसाठी चढले आणि तेव्हा मला यांनी धरलं होतं. ते हात मी कापले. वरच्या फळीवर उभं राहू नये असं स्टिकर होतं, तेही मीच काढलं. माझा फोटो बघून माझी आत्या पडली. शिडीत दोष नाही. माझी हातोडी मी स्वतः काढून घेतेय.'

तुम्हाला वाटेल, मग सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुठलं काय! खोट्या फोटोला जेवढ्या लोकांनी वाहवा केली होती, त्याच्या पासंगालाही हा पुरला नाही. एकानं लिहिलं, 'हे पण नाटकच असेल.' दुसरी म्हणाली, 'आमचा वेळ आणि विश्वास दोन्ही गेले.' बरेच जण ग्रुप सोडून गेले. आणि एक महाभाग विचारतोय, 'ते सगळं ठीक, पण घेऊ की नको, एका शब्दात सांगा.' एका शब्दात! आता या माणसाला काय म्हणावं!

तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी लिहून गेला, 'आई चढली. मी धरलं होतं. माळा झाला.' बस, एवढंच. ना तारे, ना हातोडी. माझ्या जातीबद्दल आजवर कुणी लिहिलेलं सगळ्यात खरं तेच.

आता मी आत्याकडेच आहे. तिचं प्लास्टर निघालंय. बोटं वळतात, पण जाड कापड कापताना थांबावं लागतं, आणि आता ती खडूनं रेघ ओढून घेते. पूर्वीसारखं होईल की नाही, कुणीच सांगत नाही. ताई दर सुट्टीच्या दिवशी येते आणि कापायचं काम करते. वाकडं कापते, आत्या ओरडते, ती पुन्हा कापते. कंपनीच्या वस्तू तिनं घ्यायच्या बंद केल्यात. ग्रुपवर तिला विचारणारे थोडेच उरलेत, पण उत्तर द्यायला ती महिना घेते.

आणि ती लुकलुकणारी ट्यूब? ती इतके दिवस तशीच होती. आत्या कुणाला हात लावू देत नव्हती. परवा मात्र तिनं ताईला हाक मारली, "छकुली, चढ गं."

मी थरारले. किती दिवसांनी ऐकला तो शब्द!

ताईनं आधी खिशातून जाड काळं पेन काढलं आणि माझ्या फळीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'इथे उभं राहू नये. मी राहिले होते.' मग चढली. एक, दोन, तीन, चार. तिथे थांबली. पोचायला तिनं लांब दांड्याचा चिमटा आणला होता, साधा, ट्यूब काढायचा. खाली आत्यानं माझा एक दांडा डाव्या हातानं धरला, आणि दुसऱ्यावर आपला उजवा हात ठेवला. त्या हाताला जोर फारसा नव्हता, पण मला तो पुरला.

ट्यूब लागली. खोली उजळली. नवऱ्यानं कौतुकानं मोबाईल काढला. "आत्या, जरा बाजूला होता का? फोटो काढतो हिचा."

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखीनं डोकं आपटायचं नाही तर काय करायचं? पण या वेळी मला ओरडावं लागलं नाही.

"मी कुठेही जात नाही," आत्या म्हणाली. "काढा असाच. माझे हात दिसू देत."